हयगयीने लावलेली आग आणि फौजदारी शिक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की बांध, पाचट, राब (भाताच्या रोपांसाठी भाजायची जागा), माळावरचं गवत आणि कचऱ्याचे ढीग पेटवले जातात. त्यातली काही आग शेजारच्या आंब्या-काजूत, गोठ्यात, वाडीत किंवा जंगलात शिरते. काडी लावणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कुणाचं वाईट करायचं नसतं, आणि म्हणूनच "हा गुन्हा कसा?" हा प्रश्न येतो. खालच्या उत्तरांत १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं दिली आहेत. भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम लोकांच्या तोंडी असेल तिथे तेही दिलं आहे.

मला कुणाचं नुकसान करायचं नव्हतं. तरी गुन्हा होतो का?

होतो. कलम २८७ (जुनं २८५) नेमकं अशाच माणसासाठी आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली: आगीने किंवा ज्वालाग्राही पदार्थाने असं कृत्य अविचाराने किंवा हयगयीने करणं, ज्यामुळे माणसाचा जीव धोक्यात येईल किंवा कुणाला इजा होण्याचा संभव असेल. दुसरी: आपल्या ताब्यातल्या आगीपासून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका टाळायला पुरेसा बंदोबस्त न करणं. म्हणजे काडी तुम्ही ओढली नसेल, पण आग तुमच्या ताब्यात असेल आणि तुम्ही ती तशीच सोडून जेवायला घरी गेलात, तरी कलम लागू शकतं.

शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका पेटत्या बांधामुळे अख्खी वाडी जळू शकते, हे पाहता २,००० रुपये अगदीच तोकडे आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण "फक्त दोन हजारांचं प्रकरण" समजून निर्धास्त राहणाऱ्यांनी पुढची उत्तरं वाचावीत. प्रकरण २८७ वरच थांबेल, याची कुणीही खात्री देऊ शकत नाही.

अविचार आणि हयगय यांत फरक काय?

धोका दिसत असूनही "काही होत नाही" म्हणून पुढे जाणं हा अविचार. समंजस माणसाने जी काळजी घेतली असती ती न घेणं ही हयगय. वारा सुटलाय, शेजारी ओरडून सांगतोय, तरी पाचटाला काडी लावली तर तो अविचार. सगळं नीट पेटवून झालं, पण निखारे विझले की नाही हे न पाहता निघून गेलात, तर ती हयगय. कलम २८७ दोन्हींना सारखंच लागतं, पण शिक्षा किती द्यायची हे ठरवताना न्यायालय या फरकाकडे बघतं.

काहीच जळलं नाही, कुणालाही भाजलं नाही. मग?

२८७ साठी प्रत्यक्ष इजा व्हावी लागत नाही. धोका निर्माण झाला हे पुरे. पण तो धोका माणसाला असायला हवा. वस्तीपासून दूर, आसपास कुणी नसताना कडब्याची एक गंजी जळाली, तर हे कलम बसवणं अवघड जातं. तिथे मालमत्तेच्या नुकसानीची कलमं पाहावी लागतात. फिर्यादीत "जीवितास धोका" कसा होता हे लिहायचं राहून जातं आणि प्रकरण तिथेच अडकतं. घर किती फुटांवर होतं, आत कोण होतं, रस्त्यावर धुरामुळे वाहनं थांबली का, हे लिहिलंच पाहिजे.

२८७ आणि ३२६ यांत नेमकी रेषा कुठे आहे?

साऱ्या प्रकरणाचं वजन इथेच ठरतं. कलम ३२६ आगीने केलेल्या 'आगळिकी'बद्दल आहे. आगळीक म्हणजे मुद्दाम केलेलं नुकसान असा समज आहे, पण तो अपुरा आहे. कलम ३२४ च्या व्याख्येत हेतू हा एक मार्ग आहे आणि 'जाणीव' हा दुसरा: नुकसान होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना कृत्य करणं. शेजाऱ्याचा ऊस जाळायचा तुमचा हेतू नव्हता, पण पेटवलं तर तो जळण्याचा संभव आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं सरकारी पक्षाने सिद्ध केलं, तर प्रकरण हयगयीतून आगळिकीत जातं.

३२६(फ) खाली, म्हणजे आगीने शेतमालासह कोणत्याही मालमत्तेचं नुकसान केल्यास, ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ४३५ मध्ये १०० रुपयांची, शेतमालासाठी १० रुपयांची किमान मर्यादा होती. नव्या कायद्यात ती राहिली नाही. ३२६(ग) खाली, म्हणजे राहतं घर, पूजास्थान किंवा माल ठेवण्याची इमारत जाळून नष्ट केल्यास, जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड.

जाणीव सिद्ध कशी होते? कुणाच्या डोक्यात शिरून बघता येत नाही, म्हणून न्यायालय भोवतालची परिस्थिती पाहतं. वेळ दुपारची होती की पहाटेची. वारा कुठल्या दिशेने होता. मध्ये मोकळा पट्टा होता का. गेल्या वर्षी याच माणसाच्या आगीने असंच झालं होतं का. ग्रामपंचायतीने दवंडी दिली होती का. शेजाऱ्याने फोनवर बजावलं होतं का. "आज पेटवू नको, वारं आहे" हा व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश २८७ चं प्रकरण ३२६ पर्यंत नेऊ शकतो.

जखमा किंवा मृत्यू झाला तर?

साधी दुखापत झाल्यास कलम १२५(अ): ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाल्यास १२५(ब): ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हयगयीने मृत्यू झाल्यास कलम १०६(१): ५ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ३०४-अ मध्ये ही मर्यादा २ वर्षं होती.

मृत्यू होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना कृत्य केलं, असा आरोप असेल तर कलम १०५, सदोष मनुष्यवध. केवळ जाणीव सिद्ध झाली तरी १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मोठ्या सार्वजनिक आगींत पोलीस आता थेट इथूनच सुरुवात करतात. २९ डिसेंबर २०१७ च्या मुंबईतल्या कमला मिल आगीत १४ जण गेले, आणि गुन्हा सदोष मनुष्यवधाचा नोंदला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला, तिथेही कलम १०५ लावलं गेलं. मात्र गुन्हा नोंदणं आणि तो सिद्ध होणं यांत फार अंतर आहे.

मृत्यू झाला म्हणजे आग बाळगणारा आपोआप १०६ खाली दोषी ठरतो का?

नाही. याचं उत्तर मुंबईच्याच एका खटल्यात मिळतं: कुरबान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६४. रंग बनवणाऱ्या कारखान्याला थंड पद्धतीने रंग बनवण्याचा परवाना होता. व्यवस्थापकाने परवान्याबाहेर जाऊन त्याच जागेत बर्नर लावून राळ आणि डांबर वितळवायला सुरुवात केली. टर्पेंटाइन आणि व्हार्निश जवळच साठवलेलं. एप्रिल १९६२ मध्ये एका कामगाराने डांबर पुरेसं थंड होण्याआधीच त्यात टर्पेंटाइन ओतलं, पिंपातून फेस उतू गेला, आग भडकली आणि ७ कामगार मरण पावले.

न्यायालयाने व्यवस्थापकाची ३०४-अ खालची शिक्षा रद्द केली. त्याने बर्नर लावू दिले नसते तर आग लागली नसती हे खरं, पण मृत्यूचं थेट, निकटचं कारण होतं ते घाईने टर्पेंटाइन ओतणं. मात्र २८५ (आताचं २८७) खालची शिक्षा कायम राहिली, कारण ज्वालाग्राही साठ्याशेजारी उघड्या आगीवर काम करू देताना पुरेसा बंदोबस्त केला नव्हता.

हा निकाल दोन्ही बाजूंना उपयोगी आहे. आरोपीच्या वकिलाने आग आणि मृत्यू यांच्यामध्ये दुसऱ्या कुणाचं स्वतंत्र कृत्य आलं का, हे पाहावं. फिर्यादी पक्षाने १०६ सोबत २८७ लावायला कधीही विसरू नये. पहिलं तुटलं तरी दुसरं टिकतं.

शेत माझं, पाचट माझं. माझ्या मालकीचं जाळलं तर कुणाला काय?

आग हद्द ओळखत नाही, आणि कायदाही हे प्रकरण हद्दीवर सोडत नाही. २८७ मध्ये मालकीचा उल्लेखच नाही, आग 'ताब्यात' असणं पुरेसं आहे. आगळिकीच्या कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणातही स्वतःच्या किंवा सामाईक मालमत्तेवर केलेलं कृत्य आगळीक ठरू शकतं, असं म्हटलं आहे. भावाभावांत वाटणी न झालेलं घर एकाने पेटवलं, तर "माझाही हिस्सा आहे" हा बचाव टिकत नाही.

गड्याने पेटवलं. मालक म्हणून मी जबाबदार का?

फौजदारी कायद्यात मालक केवळ मालक आहे म्हणून दोषी ठरत नाही. पण तुम्हीच "आज दुपारी पेटवून टाक" म्हणालात, पाणी किंवा जादा माणूस दिला नाही, तर ती तुमची स्वतःची हयगय आहे. ऊसतोडीसाठी फड पेटवण्याचंही असंच. टोळीच्या मुकादमाने, शेतकऱ्याने आणि गड्याने कोणी काय सांगितलं आणि कोणी काय केलं, यावर प्रत्येकाची जबाबदारी वेगवेगळी ठरते. "सगळ्यांनी मिळून ठरवलं" असा मोघम जबाब दिलात तर सगळेच अडकतात.

आग जंगलात शिरली तर कोणता कायदा?

भारतीय वन अधिनियम, १९२७. राखीव वनात कलम २६: आग लावणं, वनाला धोका होईल अशा रीतीने विस्तव करणं किंवा तो पेटता सोडून जाणं, तसंच वनाधिकाऱ्याने मुभा दिलेल्या हंगामाव्यतिरिक्त विस्तव करणं, बाळगणं किंवा नेणं हाही गुन्हा. संरक्षित वनात कलम ३३. मूळ केंद्रीय अधिनियमात शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्यांनी यात आपापल्या दुरुस्त्या केल्या आहेत, म्हणून आपल्या राज्याचा मजकूर वकिलाकडून तपासून घ्या. राखीव वनाच्या बाबतीत शिक्षेखेरीज वनाच्या नुकसानीची भरपाईही न्यायालय वसूल करायला लावू शकतं.

गावाला सगळ्यात जड जाणारी तरतूद वेगळीच आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. आग जाणूनबुजून किंवा घोर हयगयीने लागली असेल, तर राज्य सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क ठरावीक काळासाठी स्थगित करू शकतं. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून एकाने झाडाखालचा पालापाचोळा पेटवला, आणि वणवा लागून अख्ख्या गावाची गुरं जंगलाबाहेर राहिली, असं होऊ शकतं. तेंदूला चांगली पालवी फुटते म्हणून किंवा गवत जोमाने येतं म्हणून लावलेल्या आगींनाही हेच लागू.

ज्यांना वनात चराईचे किंवा वनोपजाचे हक्क अथवा परवाने आहेत, त्यांच्यावर कलम ७९ ने कर्तव्यही टाकलं आहे: वणवा कळताच तो विझवायला लागणं आणि त्याची माहिती विनाविलंब देणं. ते टाळल्यास १ महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ३० लागतं. तिथे शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२२ च्या दुरुस्तीआधी दंड २५,००० होता. ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: अभयारण्यात तीन दगडांवर केलेला चहा आणि विझलाय असं समजून सोडलेला विस्तव या कलमात बसतो.

जंगलात कोण बघायला येतंय?

उपग्रह बघतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोडिस आणि व्हिआयआयआरएस या संवेदकांवरून आगीचे बिंदू टिपते आणि वनविभागाला संदेश पाठवते. व्हिआयआयआरएसचा एक बिंदू साधारण ३७५ मीटरचा असतो. त्यावरून आग अंदाजे कुठे आणि केव्हा होती हे कळतं. काडी कुणी लावली ते उपग्रह सांगत नाही, ते वनरक्षक गावात येऊन विचारतो. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, आणि त्या काळात जाळरेषांवर (आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर) गस्त असते.

कोकणात राब भाजावाच लागतो. मग काय खबरदारी 'पुरेशी' धरतात?

राब भाजणं हाच गुन्हा आहे असं नाही. तो बेफिकिरीने भाजणं गुन्हा होतो. किती फूट पट्टा हवा याचा आकडा कायद्यात नाही, पण खटल्यात जे प्रश्न विचारले जातात त्यांवरून अपेक्षा कळते. राबाच्या चारही बाजूंचं गवत खुरपून, माती उघडी करून पट्टा काढा. तो गवताच्या उंचीच्या मानाने रुंद असावा, कारण आडवी झुकलेली ज्वाळ उभ्या ज्वाळेपेक्षा लांब पोहोचते. वारा पडलेला असताना, पहाटे पेटवा. दुपारी वारा फिरतो आणि गवत कडकडीत वाळलेलं असतं. पेटवताना वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. हाताशी पाण्याची पिंपं, ओल्या गोणपाटाचे तुकडे, हिरव्या डहाळ्या आणि किमान दोन-तीन माणसं ठेवा. लगतच्या बागायतदाराला आदल्या दिवशी सांगा. जंगल लागून असेल तर वनरक्षकालाही.

सगळ्यात जास्त चुका शेवटी होतात. वरची राख पांढरी झाली की लोक घरी जातात. शेणी आणि जाड फांद्यांच्या बुंध्यात विस्तव कित्येक तास टिकतो, आणि दुपारच्या वाऱ्याने ठिणगी उडते. राख उकरून, पाणी मारून, हात जवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री करा. जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा वनविभागाने त्या काळात जाळण्यावर बंदी घातली असेल, तर ही सगळी खबरदारी घेऊनही आदेशभंगाचं कलम २२३ लागतं: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जीवितास धोका झाला असेल तर १ वर्ष किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आग हाताबाहेर गेली. आता काय करू?

पळू नका. लगेच १०१ किंवा ११२ वर, जंगल जवळ असेल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या घरांना आधी सावध करा, गुरं सोडा. फोन केला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. उलट आग ताब्याबाहेर गेल्यावर तुम्ही काय केलंत याची ती सर्वांत भक्कम नोंद असते. पळून गेलेल्या माणसाच्या विरोधात मात्र ती गैरहजेरीच बोलते.

अटक होते का? जामीन मिळतो का?

२८७, १२५, १०६(१) आणि ३२६(फ) हे दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असे) पण जामीनपात्र आहेत. ३२६(ग) आणि १०५ अजामीनपात्र असून सत्र न्यायालयात चालतात. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सहसा अटकेआधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती आली तर टाळू नका, न गेल्यास अटकेला कारण मिळतं. वनगुन्ह्यात वनाधिकाऱ्यालाही वॉरंटशिवाय अटकेचे अधिकार आहेत.

माझी बाग जळाली. फिर्याद कशी द्यावी?

त्याच दिवशी द्या. लोक आधी तलाठ्याच्या पंचनाम्याच्या मागे लागतात. तो मदतीसाठी लागतो, पण गुन्ह्याचा पुरावा म्हणून पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा वेगळा लागतो. तो होईपर्यंत जळक्या जागेत नांगर घालू नका, झाडं तोडू नका. फिर्यादीत गट नंबर, आग पहिल्यांदा कुठे दिसली, किती वाजता, वारा कुठून होता, कोणी पेटवताना पाहिलं आणि आधी कुणी बजावलं होतं का, हे लिहा. सातबारा, पीकपाहणीची नोंद, झाडांची संख्या आणि वय, ठिबकच्या नळ्यांची बिलं जोडा. जळलेल्या आणि शाबूत भागाची सीमा दिसेल असे फोटो काढा.

पोलीस ठाण्यात 'एनसी' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घेतात आणि प्रकरण तिथेच मुरतं, ही नेहमीची तक्रार आहे. २८७ दखलपात्र आहे, त्यामुळे एफआयआर व्हायला हवा. नाही घेतला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मुदत विसरू नका: २८७ ची न्यायालयाने दखल घेण्याची मर्यादा १ वर्ष आहे. ३२६(फ) लागत असेल तर ती मर्यादा नाही, आणि ७ वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असल्याने न्यायवैद्यक पथक घटनास्थळी यावं अशीही तरतूद आहे.

आपसात मिटवता येतं का? भरपाई मिळते का?

२८७ आणि ३२६(फ) तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. गावात पैसे देऊन मिटलं तरी गुन्हा आपोआप संपत नाही, तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. भरपाईसाठी फौजदारी न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली आदेश देऊ शकतं, पण पूर्ण नुकसान वसूल करायचं तर दिवाणी दावा वेगळा, ३ वर्षांच्या आत लावा.

विजेच्या तारा एकमेकींना लागून ऊस पेटला तर?

पोलिसांबरोबरच विद्युत निरीक्षकाकडे लगेच लेखी कळवा. अपघाताचं कारण तपासण्याचे अधिकार त्यांना आहेत आणि त्यांच्या अहवालावरच पुढची भरपाई उभी राहते. लोंबकळणाऱ्या तारांबद्दल आधी दिलेल्या अर्जांची पोचपावती असेल तर ती सोन्यासारखी जपा.

सोसायटीत किंवा रस्त्याकडेला कचरा जाळला तर?

राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर साधा कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारता येते. धोका निर्माण झाला तर २८७ याखेरीज.

मुलांनी पेटवलं तर?

७ वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. ७ ते १२ दरम्यान मुलाला परिणामांची समज होती का ते पाहिलं जातं. १८ पर्यंत प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

वणवा अडवण्यासाठी आम्ही समोरून आग लावली. तोही गुन्हा का?

मोठं नुकसान टाळण्यासाठी, सद्भावनेने आणि गुन्हेगारी हेतूशिवाय केलेल्या कृत्याला कलम १९ संरक्षण देतं. मोठी आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणारा माणूस, हे उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे. पण धोका तितका तातडीचा होता का आणि समोरून लावलेली आग समजून-उमजून लावली होती का, हे तपासलं जातं. शक्य असेल तिथे वनकर्मचाऱ्याच्या सांगण्यावरूनच ती लावा आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा.

आग जून २०२४ मधली आहे, खटला आता चालू आहे. कोणती शिक्षा?

जुनी. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला भारतीय दंड संहिताच लागते: २८५ खाली १,००० रुपयांपर्यंतचा दंड, ३०४-अ खाली २ वर्षांची कमाल. आरोपपत्रात चुकून नवी कलमं पडली असतील, तर आरोप निश्चित होण्याआधीच वकिलामार्फत ती चूक न्यायालयापुढे मांडा.